व्हेंटिलेटर मिळाला, पण त्यानंतरचा न्यूमोनिया कोण रोखणार?

२८ डिसेंबर २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अँटिबायोटिक औषधांचा विषय काढला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या अहवालाचा हवाला देऊन त्यांनी सांगितलं की, न्यूमोनिया आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग अशा आजारांवर ही औषधं आता कमी परिणामकारक ठरू लागली आहेत. त्यावर चर्चा झाली ती बहुतेक मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची. ती चर्चा योग्यच आहे. पण या बातमीचा सगळ्यात जड भाग दुकानाच्या काउंटरवर नाही. तो आयसीयूच्या काचेआड आहे, जिथे आपला माणूस व्हेंटिलेटरवर असतो आणि आपण बाहेर बाकड्यावर तसबीह घेऊन बसलेले असतो.

कराड तालुक्यातलं उंब्रज हे पुणे-बंगळूर महामार्गावरचं, तारळी आणि कृष्णेच्या काठचं गाव. इथे कुणी अत्यवस्थ झालं की गावात प्राथमिक उपचार होतात आणि मग १०८ ची गाडी कराडकडे नाहीतर साताऱ्याकडे धावते. काही पेशंट पुढे मिरज-सांगलीपर्यंत जातात. कारणं ठरलेली असतात. महामार्गावरच्या अपघातात डोक्याला मार लागतो, उसाच्या रानात मण्यार चावते, कीटकनाशक पोटात जातं, म्हाताऱ्या माणसाचा जुना दमा बळावतो, कुणाला पक्षाघात होतो. त्या घडीला घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "व्हेंटिलेटर आहे का?" मशीन मिळाली की अर्धं युद्ध जिंकल्यासारखं वाटतं.

खरं तर दुसरं अर्धं युद्ध तिथून सुरू होतं. आणि ते मशीनपेक्षा उशाची उंची, दात घासायचा ब्रश आणि नर्सचे धुतलेले हात यांवर जास्त अवलंबून असतं.

मशीनमुळे न्यूमोनिया? हे कसं?

आधी एक गोंधळ दूर करू. न्यूमोनिया झाला म्हणून व्हेंटिलेटर लावावा लागणं वेगळं, आणि व्हेंटिलेटर लावल्यानंतर न्यूमोनिया होणं वेगळं. घशातून श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यापासून ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळाने जो नवा न्यूमोनिया होतो, त्याला डॉक्टर मंडळी 'व्हॅप' म्हणतात. आपल्या भाषेत व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया.

तो होतो कसा? निरोगी माणसाला थुंकीचा थेंब चुकून श्वासनलिकेत गेला तरी ठसका लागतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. ट्यूब टाकलेल्या, झोपेचं औषध दिलेल्या पेशंटला ठसका लागत नाही. तोंडातली लाळ, पोटातून वर आलेलं अन्न घशात साठतं. ट्यूबच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, तो श्वासनलिका बंद ठेवतो, पण पूर्ण नाही. त्याच्या कडेने लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. शिवाय ट्यूबच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, पाण्याच्या टाकीला शेवाळ धरावं तसा. म्हणजे जी ट्यूब जीव वाचवते, तीच जंतूंना फुप्फुसापर्यंतचा रस्ता करून देते.

म्हणून या आजाराचा हिशोब दिवसांवर चालतो. कॅनडातल्या एक हजाराहून अधिक पेशंटचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की पहिल्या पाच दिवसांत हा धोका रोज सुमारे तीन टक्के असतो आणि पुढे दर दिवसाचा धोका हळूहळू कमी होतो. पण दिवस वाढतील तशी एकूण बेरीज वाढतच जाते. व्हेंटिलेटरचा एक दिवस वाचवला तर एका दिवसाचा धोका वाचला, इतकं हे साधं गणित आहे.

पुण्याने २०२५ मध्ये काय दाखवलं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. तपासात दूषित पाण्याशी आणि कॅम्पायलोबॅक्टर या जंतूशी संबंध दिसला. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि दहाहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यातल्या काहींचं निदान पक्कं झालेलं नव्हतं.

या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. पाय लुळे पडतात, मग हात, आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायू. फुप्फुसं धडधाकट असतात, पण ती हलवणारी ताकद गेलेली असते. असे पेशंट कित्येकदा आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर काढतात. नसा हळूहळू सावरतात आणि बहुतेक जण पुन्हा उभे राहतात. अट एकच, तोपर्यंत धडधाकट फुप्फुसांना न्यूमोनियाने गाठता कामा नये. जीबीएस असो, मण्यारीचा दंश असो की कीटकनाशकाची विषबाधा, मूळ आजार बरा होणारा असतो आणि मधल्या काळात व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया माणूस घेऊन जातो, ही खरी शोकांतिका आहे.

करोनाच्या दोन लाटांतही हेच दिसलं. सातारा-सांगली हे जिल्हे तेव्हा किती होरपळले ते आपण विसरलेलो नाही. करोनामुळे व्हेंटिलेटरवर गेलेल्यांमध्ये या दुसऱ्या न्यूमोनियाचं प्रमाण इतर रुग्णांपेक्षा जास्त होतं, हे युरोपातल्या अभ्यासांतूनही पुढे आलं. आपल्याकडे मात्र मृत्यूच्या दाखल्यावर 'करोना' एवढंच लिहिलं गेलं आणि आपणही तेवढ्यावरच थांबलो.

जंतू हट्टी का झाले?

गावात होणारा न्यूमोनिया आणि आयसीयूत होणारा न्यूमोनिया यांत जंतूंचा फरक असतो. आयसीयूतले मुख्य गुन्हेगार तीन: अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास. हे जंतू बेडच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणावर, हातावर टिकून राहतात. आयसीएमआरच्या देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी बघितल्या तर अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी आठ-नऊ नमुन्यांवर 'कार्बापेनेम' गटातली भारी औषधं चालत नाहीत. ज्याला घरचे लोक 'सगळ्यात वरचं इंजेक्शन' समजतात, ते बऱ्याचदा याच गटातलं असतं.

त्यानंतर उरतं कॉलिस्टिनसारखं जुनं औषध, ज्याने किडनीला इजा होऊ शकते. हे औषध कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात वापरलं जात होतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. म्हणजे पोल्ट्रीचं शेड, गावातलं मेडिकल आणि आयसीयू या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. सर्दीला घेतलेली अर्धवट कोर्सची गोळी आज काही करत नाही असं वाटतं, पण ती जंतूंना तालीम देते.

उपचार कसा चालतो

ताप पुन्हा चढतो, ट्यूबमधून येणारा कफ दाट आणि पिवळा-हिरवा होतो, ऑक्सिजन जास्त लागायला लागतो, एक्स-रेवर नवा डाग दिसतो. या खुणा एकत्र आल्या की डॉक्टरांना संशय येतो. एकट्या तापावरून किंवा एकट्या एक्स-रेवरून निदान करता येत नाही, कारण फुप्फुसात पाणी झालं तरी डाग दिसतो. मग ट्यूबमधून कफाचा नमुना घेऊन कल्चरला पाठवतात. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबणं परवडत नाही, म्हणून त्या रुग्णालयात कोणते जंतू जास्त आढळतात हे बघून औषध सुरू करतात. रिपोर्ट आला की नेमकं औषध ठेवून बाकीची बंद करायची असतात.

इथे घरच्यांची एक समजूत आड येते. डॉक्टरांनी औषध कमी केलं की वाटतं, "पैसे कमी पडले म्हणून हात आखडता घेतला." तसं नसतं. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंत ४०१ पेशंटवर झालेला अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात आठ दिवसांचा कोर्स आणि पंधरा दिवसांचा कोर्स यांत जगण्या-मरण्याचा फरक दिसला नाही. स्यूडोमोनाससारख्या जंतूंच्या बाबतीत आजार उलटण्याचा धोका छोट्या कोर्समध्ये थोडा जास्त दिसला, त्यामुळे निर्णय पेशंट बघूनच घ्यावा लागतो. पण आजची मार्गदर्शक तत्त्वं साधारण सात दिवसांचा कोर्स सुचवतात. कल्चर बघून औषध कमी करणारा डॉक्टर कंजूष नसतो, तो जबाबदार असतो.

रोखण्याचे उपाय स्वस्त आहेत

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा न्यूमोनिया बऱ्याच अंशी रोखता येतो आणि त्यासाठी कोट्यवधींची मशीन लागत नाही.

पहिलं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. बार्सिलोनात १९९९ मध्ये ८६ पेशंटवर झालेल्या अभ्यासात आडवं झोपवलेल्यांपैकी ३४ टक्के जणांना न्यूमोनियाची लक्षणं दिसली, तर डोकं उंच ठेवलेल्यांत फक्त ८ टक्के. फरक होता तो बेडच्या कोनाचा. मणक्याला इजा किंवा फार कमी बीपी असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतात, तेवढा अपवाद.

दुसरं, तोंडाची स्वच्छता. पूर्वी औषधी पाण्याने तोंड पुसण्यावर भर होता. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांच्या २०२२ च्या शिफारशी आता साध्या टूथब्रशने दात घासायला सांगतात. आपल्या भागात मिश्री लावण्याची सवय अजून घराघरांत आहे आणि बायका ती मोकळेपणाने सांगत नाहीत. हिरड्या आधीच खराब असतील तर तोंडातले जंतू आधीच तयार बसलेले असतात. दाखल करताना ही माहिती लपवू नका.

तिसरं, रोज एकदा झोपेचं औषध थांबवून पेशंटला जागं करून बघणं आणि तो स्वतः श्वास घेऊ शकतो का याची चाचणी. शिकागोत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज जागं केलेल्या पेशंटचे व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. "आमच्या अब्बांना त्रास होतोय, झोपवूनच ठेवा," असा आग्रह आपण मायेपोटी करतो, पण त्याने मशीनचे दिवस वाढतात.

चौथं, प्रत्येक स्पर्शाआधी आणि नंतर हात स्वच्छ करणं, कफ निर्जंतुक पद्धतीने ओढणं, ट्यूबच्या फुग्यातला दाब तपासणं, नळीवाटे अन्न लवकर सुरू करणं. आणि शक्य असेल तिथे आधी मास्कवरच श्वासाला आधार देऊन ट्यूब टाळता येते का ते बघणं.

हे सगळं दर काही तासांनी, दिवसरात्र करावं लागतं. ते करते नर्स. म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीला एक नर्स असावी असा निकष आहे. एका नर्सकडे चार-पाच व्हेंटिलेटर आले तर तिची इच्छा असूनही दात घासायचे राहतात, बेड सपाट राहतो, हात धुवायला सवड मिळत नाही.

इयादत करताना

आजाऱ्याला भेटायला जाणं आपल्याकडे सुन्नत आहे आणि ती सोडा असं कुणी म्हणत नाही. पण आयसीयूत वीस माणसांची रांग लावणं म्हणजे इयादत नव्हे. एक-दोघांनी जावं, आत जाताना आणि येताना हात स्वच्छ करावेत, सर्दी-खोकला असेल तर बाहेरूनच दुआ करावी. सूरह यासीन वाचायची तर हळू आवाजात जरूर वाचा, ओळखीचा आवाज पेशंटला धीर देतो. मोबाईल कानाशी धरून ऐकवायचा असेल तर आधी तो पुसून घ्या. फोनवर जंतू भरपूर असतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ट्यूब असलेल्या पेशंटच्या तोंडात झमझमचे थेंब किंवा मधाचं बोट घालू नका. भावना पाक आहे, पण ते पाणी गिळलं जात नाही. ते फुग्याच्या कडेने फुप्फुसाकडे जातं. नर्सला विचारून ओठ ओले करता येतील, तेवढंच करा. मनगटावर ताविजाचा ओला-मळका दोरा असेल तर तो काढून उशाशी स्वच्छ पिशवीत ठेवा. दाढीमुळे ट्यूबची चिकटपट्टी नीट धरत नाही. अशा वेळी फितीने ट्यूब बांधता येते का ते विचारा. तातडीच्या क्षणी डॉक्टरांनी थोडी दाढी कापली तर त्यावरून वाद घालू नका.

दिवस लांबले की डॉक्टर 'ट्रेकिओस्टॉमी' सुचवतात, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून छोटी ट्यूब. "गळा कापणार" म्हणून घरचे घाबरतात आणि निर्णय लटकतो. पेशंट सुधारला की ती ट्यूब काढतात आणि छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरतं. तिचा फायदा असा की झोपेचं औषध कमी लागतं आणि तोंड नीट साफ करता येतं.

रोज डॉक्टर भेटतात ती पाच मिनिटं "कसे आहेत?" एवढ्यावर घालवू नका. अदबीने हे पाच प्रश्न विचारा:

१. डोक्याकडची बाजू उंच ठेवली आहे का?
२. आज दात घासले का? दिवसातून किती वेळा घासतात?
३. आज झोपेचं औषध थांबवून बघितलं का? मशीन काढण्याची चाचणी कधी?
४. कफाचं कल्चर पाठवलं का? रिपोर्टप्रमाणे औषध बदललं का?
५. या पाळीला आमच्या पेशंटकडे कोणती नर्स आहे आणि तिच्याकडे किती पेशंट आहेत?

भांडायला म्हणून हे विचारायचे नाहीत. चांगल्या रुग्णालयाला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट घरचे लोक जागरूक आहेत हे कळतं.

पैशाचं काय, हाही प्रश्न आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा. रेशन कार्ड आणि आधार घेऊनच गाडीत बसा. धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

मशीन दिली, आता माणसं द्या

२०२० च्या ईदला इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीचे ३६ लाख रुपये देऊन तिथल्या आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा आयसीयू उभा केला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ऑनलाइन उद्घाटन केलं आणि देशभर कौतुक झालं. त्या कामाची किंमत कधीच कमी होणार नाही. त्याच काळात औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला पीएम केअर्समधून १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यातले अनेक सदोष निघाल्याचं प्रकरण २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेलं. या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट कळते. मशीन चालू राहणं आणि ती सांभाळणारी माणसं असणं, हे तिच्या खरेदीइतकंच महत्त्वाचं आहे.

मशीनवर देणगीदाराचं नाव कोरता येतं, फीत कापता येते. नर्सच्या पगारावर नाव कोरता येत नाही. म्हणून सरकार असो की समाज, सगळे मशीनकडे धावतात. उंब्रज, मसूर, कराड, पाटण भागातल्या मशीद कमिट्यांनी आणि तरुण मंडळांनी थोडा वेगळा विचार करावा. आपल्या भागातल्या मुलीला नर्सिंगच्या फीसाठी मदत करणं, सरकारी रुग्णालयाला वर्षभर पुरेल इतकं हात धुण्याचं औषध, कफ ओढायच्या नळ्या, टूथब्रश देणं, गरीब पेशंटच्या कल्चर रिपोर्टचा खर्च उचलणं, ही कामं छोटी दिसतात पण रोज जीव वाचवतात. यात जकात कुठे लागू होते आणि कुठे सदका द्यावा, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावं.

सरकारकडे मागणीही नेमकी हवी. 'व्हेंटिलेटरची संख्या वाढवा' एवढं पुरेसं नाही. प्रत्येक आयसीयूत व्हेंटिलेटरच्या दर हजार दिवसांमागे किती पेशंटना हा न्यूमोनिया झाला, हे मोजलं जावं आणि सातारा-सांगलीच्या सरकारी आणि योजनेतल्या खाजगी रुग्णालयांनी ते जाहीर करावं. आकडा जास्त आला म्हणून लगेच कुणाला फासावर चढवायचं नाही, नाहीतर आकडे लपवले जातील. पण मोजलंच नाही तर सुधारणार काय? सोबत नर्सची रिकामी पदं भरली जावीत. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपल्या लोकप्रतिनिधीने हे दोन प्रश्न विचारले, तर रुग्णवाहिकेसमोर काढलेल्या दहा फोटोंपेक्षा ते जास्त उपयोगाचं ठरेल.

आणि घरात? बिडी, तंबाखू, मिश्री सोडणं, ठरलेलं ऑपरेशन असेल तर आधी दात दाखवून घेणं, म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लू आणि न्यूमोकोकलची लस देणं, आणि उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या शेजाऱ्याला न देणं. एवढं तर कुणाच्या परवानगीशिवाय, आजपासून करता येतं. शिफा अल्लाहच्या हातात आहे यावर आपला ईमान आहे. बेडची उशाकडची बाजू उंच आहे का हे बघणं मात्र आपल्या हातात आहे.